फैजाबादची पोटनिवडणूक

विधिमंडळातील एखादी जागा मुदतीपूर्वी रिकामी होते, तेव्हा बहुधा सभासदाचा मृत्यू हे त्याचे कारण असते. कधी कोणी राज्यपाल होतो, कोणी दुसऱ्या सभागृहात जातो, कोणाची निवड न्यायालय रद्द ठरविते. अशा प्रसंगी होणारी पोटनिवडणूक ही राज्यकारभाराच्या दृष्टीने नित्याची बाब असते. मतदान होते, नवा सभासद शपथ घेतो आणि सभागृहाचे काम पुढे चालू राहते. परंतु क्वचित असाही प्रसंग येतो की, सभासद धडधाकट असतो, त्याला दुसरे कोणतेही पद मिळालेले नसते, कायद्याने त्याला कोणी हलवू शकत नसते. आणि तरीही तो आपण होऊन जागा सोडतो व त्याच जागेसाठी पुन्हा मतदारांपुढे हात जोडून उभा राहतो. अशा पोटनिवडणुकीत उमेदवारांच्या जयपराजयापेक्षा मोठा एक प्रश्न गुंतलेला असतो. निवडून दिलेली जागा ही कोणाची? सभासदाची, त्याच्या पक्षाची, की मतदारांची?

स्वातंत्र्याच्या पहिल्याच वर्षात, १९४८ साली, हा प्रश्न संयुक्त प्रांताच्या विधानसभेत उभा राहिला. हाच प्रांत पुढे १९५० मध्ये उत्तर प्रदेश या नावाने ओळखला जाऊ लागला. समाजवादी पक्षाचे ज्येष्ठ नेते आचार्य नरेंद्र देव आणि त्यांचे सुमारे डझनभर सहकारी यांनी तेथे एकाच वेळी राजीनामे दिले. आचार्यांची जागा फैजाबादची होती. काही महिन्यांतच तेथे पोटनिवडणूक झाली आणि तीत आचार्य पराभूत झाले. ज्या उमेदवाराने त्यांना हरविले, त्याचा जन्म पुण्याचा होता. आणि ज्या निर्णयामुळे राजीनामे दिले गेले, तो निर्णय नाशिकला झाला होता. लढत शरयूच्या काठी झाली खरी, पण तिचे धागे महाराष्ट्राच्या भूमीपर्यंत पोचलेले आहेत.

त्या धाग्यांचे पहिले टोक नाशिकच्या तुरुंगात सापडते. कायदेभंगाच्या चळवळीत १९३२-३३ च्या सुमारास जे तरुण कार्यकर्ते पकडले गेले, त्यांपैकी बरेच जण नाशिकच्या मध्यवर्ती कारागृहात एकत्र आले. जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता, ना. ग. गोरे ही त्यांतील काही नावे. स्वराज्य आले तरी शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या घरी ते पोचणार कसे, याची चर्चा तेथील कोठड्यांतून चाले. त्या चर्चेतून काँग्रेसच्या अंतर्गत एक समाजवादी पक्ष असावा ही कल्पना पुढे आली. मे १९३४ मध्ये पाटणा येथे समाजवादी कार्यकर्त्यांचा पहिला अखिल भारतीय मेळावा भरला, त्याचे अध्यक्षपद आचार्य नरेंद्र देव यांच्याकडे होते. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात मुंबईस पक्षाची रीतसर स्थापना झाली. पक्षाचे नाव ‘काँग्रेस समाजवादी पक्ष’ असे ठेवण्यात आले, आणि जो काँग्रेसचा सभासद असेल त्यालाच या पक्षात प्रवेश असे. घर एकच, परंतु त्यात आपली वेगळी चूल, अशी ही व्यवस्था होती.

परकी सत्ता डोक्यावर होती तोपर्यंत ही व्यवस्था कुरबुरी होऊनही टिकली. १९४२ च्या आंदोलनात समाजवाद्यांनी भूमिगत राहून जे काम केले, त्यामुळे देशभर त्यांच्याविषयी आदर वाढला. स्वराज्य दृष्टिपथात आल्यावर मात्र दोन्ही बाजूंना या संबंधांचा फेरविचार करावा लागला. १९४७ च्या कानपूर अधिवेशनात समाजवाद्यांनी आपल्या पक्षाच्या नावातून ‘काँग्रेस’ हा शब्द काढून टाकला. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्माजींची हत्या झाली, तेव्हा समाजवादी नेत्यांनी सरकारच्या गृहखात्यावर उघड टीका केली आणि मने अधिकच दुरावली. फाळणीच्या आगीतून देश नुकताच बाहेर पडत होता. निर्वासितांचे लोंढे, काश्मीरमधील युद्ध, संस्थानांचा प्रश्न यांनी सरकार घेरलेले होते. अशा वेळी सत्ताधारी संस्थेच्या पोटात दुसरी शिस्तबद्ध संघटना नांदू देणे काँग्रेसच्या धुरीणांना परवडणारे वाटले नाही, यात नवल नव्हते. फेब्रुवारी १९४८ मध्ये काँग्रेसने आपल्या घटनेत असा नियम केला की, ज्याला स्वतःची वेगळी घटना व सभासदत्व आहे अशा दुसऱ्या पक्षाच्या सभासदाला काँग्रेसमध्ये राहता येणार नाही. समाजवाद्यांपुढे दोनच मार्ग उरले. मार्चमध्ये त्यांचे अधिवेशन नाशिकला भरले आणि काँग्रेसमधून बाहेर पडण्याचा निर्णय तेथे झाला. ज्या गावच्या तुरुंगात पक्षाची कल्पना अंकुरली, त्याच गावी ते जुने घर सोडण्याचे ठरले.

आचार्य नरेंद्र देव हा निर्णय घेण्यास फारसे उत्सुक नव्हते. काँग्रेसशी त्यांचे नाते अर्ध्या शतकाचे होते. त्यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८८९ रोजी सीतापूर येथे झाला. वडील बलदेवप्रसाद हे फैजाबादचे नामांकित वकील होते. १८९९ साली लखनौला काँग्रेस भरली, तेव्हा हा दहा वर्षांचा मुलगा वडिलांचे बोट धरून मंडपात गेला होता. १९०६ च्या कलकत्ता अधिवेशनाच्या सुमारास तरुण नरेंद्र देव लोकमान्य टिळकांच्या राष्ट्रीय पक्षाकडे ओढले गेले, आणि पुढे होमरूलच्या चळवळीत त्यांनी फैजाबादला काम केले. वडिलांप्रमाणे त्यांनीही तेथे काही वर्षे वकिली केली. असहकाराची हाक आली तेव्हा ती सोडून ते काशी विद्यापीठात, म्हणजे त्या काळी नव्यानेच निघालेल्या राष्ट्रीय विद्यापीठात, अध्यापक झाले. तेथे ते पुढे आचार्य झाले आणि ती उपाधी त्यांच्या नावाला कायमची जोडली गेली. संस्कृत, पाली, फ्रेंच अशा भाषांचे ते पंडित होते आणि बौद्ध दर्शन हा त्यांच्या व्यासंगाचा विषय होता. मार्क्सचा अभ्यास त्यांनी तितक्याच निष्ठेने केला. परंतु ग्रंथालयात रमणारा हा माणूस किसान सभेचा अध्यक्षही होता, आणि अवधच्या कुळांची दुःखे त्याला ग्रंथांपेक्षा जवळची होती.

दमा हा त्यांचा आयुष्यभराचा सोबती होता. प्रकृती अशी असूनही तुरुंगवास त्यांनी वारंवार सोसला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत पकडले गेल्यावर त्यांना अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्यात ठेवण्यात आले. जवाहरलाल नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, शंकरराव देव, गोविंद वल्लभ पंत हे सारे तेथे त्यांचे सहवासी होते. नेहरूंनी भारताच्या शोधावरील आपला ग्रंथ याच किल्ल्यात लिहिला, आणि ज्या सोबत्यांच्या विद्वत्तेचा आपणास लाभ झाला त्यांची नावे त्याच्या प्रस्तावनेत कृतज्ञतेने नोंदविली. त्यांत नरेंद्र देव आहेत आणि पंतही आहेत. १९४७ च्या अखेरीस काँग्रेसचे अध्यक्षपद रिकामे झाले, तेव्हा गांधीजींनी त्या पदासाठी नरेंद्र देव यांचे नाव सुचविले होते. ते घडून आले नाही. सत्तेची पदे त्यांनी स्वतःही कधी शोधली नव्हती. १९३७ मध्ये प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ बनले तेव्हा मंत्री होण्याचे त्यांनी नाकारले होते. १९४८ मध्ये ते लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू होते, आणि प्रांताचे मुख्यमंत्री होते त्यांचे किल्ल्यातील सोबती, गोविंद वल्लभ पंत.

नाशिकच्या निर्णयानंतर समाजवादी सभासदांनी विधानसभेत काय करावयाचे, याविषयी कायदा मुका होता. १९३५ च्या ज्या कायद्याखाली ती विधानसभा निवडून आली होती, त्यात पक्ष सोडणाऱ्याने जागा सोडावी असे कोठेही म्हटलेले नव्हते. अध्यक्षांच्या डाव्या हाताला असलेल्या बाकांवर जाऊन बसावे, एवढे पुरेसे होते. विरोधी बाकांवरून बोलण्यासाठी उत्तम वक्ते त्यांच्यापाशी होते, आणि निवडणुकीची मुदत संपण्यास अवकाश होता. पण १९४६ साली मतदारांनी जी मते दिली, ती काँग्रेसचे उमेदवार म्हणून दिली होती. ते नाव टाकल्यावर त्या नावावर मिळालेली जागा ठेवणे आचार्यांना पटले नाही. मार्च १९४८ च्या अखेरीस त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी राजीनामे दिले. त्या वेळी सभागृहात आचार्यांनी केलेल्या निवेदनाचा आशय असा होता की, मनात असते तर आम्ही उठून पलीकडच्या बाजूस बसू शकलो असतो, परंतु ते आम्हांस उचित वाटले नाही. ज्या घरात वाढलो ते घर सोडताना दुःख होते, हेही त्यांनी लपविले नाही. लोकशाहीला विरोधी पक्षाची गरज असते. तो जातीय वृत्तीचा नसावा, विधायक असावा. तसा पक्ष उभा राहिला नाही तर सत्तेचे रूपांतर हुकूमशाहीत होण्याची भीती असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. निवेदनात कटुतेचा शब्द नव्हता.

अशा वर्तनाला इंग्लंडच्या संसदीय इतिहासात आधार होता. १९२९ साली सर विल्यम जॉविट हे प्रेस्टन येथून उदारमतवादी पक्षाच्या वतीने निवडून आले आणि लगेच मजूर पक्षात जाऊन ॲटर्नी जनरल झाले. त्यांनी जागेचा राजीनामा दिला, मजूर पक्षाचे उमेदवार म्हणून त्याच मतदारांपुढे ते उभे राहिले आणि निवडून आले. फरक इतकाच की, जॉविट सत्तेकडे चालले होते. नरेंद्र देव सत्तेपासून दूर निघाले होते. जॉविटांच्या हाती अधिकारपद होते. आचार्यांच्या हाती नव्याने बाहेर पडलेल्या, साधनहीन पक्षाचा झेंडा होता.

आपल्या जुन्या सहकाऱ्यांच्या विरोधात उमेदवार उभे करावयाचे की नाहीत, हे काँग्रेसला ठरवावे लागले. निदान आचार्यांसारख्या माणसाला तरी सभागृहात परत येऊ द्यावे, असे म्हणण्यास जागा होती. पण प्रांताच्या नेत्यांनी लढण्याचे ठरविले. त्यांच्याही बाजूने काही युक्तिवाद होता. मतदारांचा कौल मागायचा तर तो खरोखरीचा कौल असावा. समोर कोणी उभेच नसेल तर कौल कसला? शिवाय स्वातंत्र्यानंतर काँग्रेसमधून फुटून निघालेल्या पक्षाला पहिल्याच झुंजीत मोकळे रान दिले, तर इतर प्रांतांतही तेच घडेल, अशी चिंता त्यांना होती. काँग्रेसने लढविणे हे गैर नव्हते. गैर जे घडले, ते लढण्याच्या रीतीत घडले.

फैजाबादसाठी काँग्रेसने बाबा राघवदास यांची निवड केली. मराठी श्रोत्याला हे नाव परिचित असेलच असे नाही, परंतु पूर्व उत्तर प्रदेशात ते घरोघर माहीत आहे. त्यांचा जन्म १२ डिसेंबर १८९६ रोजी पुण्यात झाला. मूळ नाव राघवेंद्र. प्लेगाच्या साथीत आप्तस्वकीयांचे छत्र हरपले आणि ऐन तारुण्यात हा मुलगा गुरूच्या शोधात उत्तरेकडे निघून गेला. गाझीपूरकडे तो हिंदी शिकला आणि अखेर देवरिया भागातील बरहज येथे योगिराज अनंत महाप्रभू यांचा शिष्य होऊन स्थिरावला. १९२१ मध्ये गांधीजींच्या प्रभावाखाली येऊन बाबांनी मठाला राष्ट्रकार्याची जोड दिली. अनेकदा तुरुंग भोगला. १९ डिसेंबर १९२७ रोजी गोरखपूरच्या तुरुंगात रामप्रसाद बिस्मिल यांना फाशी झाली, तेव्हा त्यांच्या अस्थींना बाबांनी बरहजच्या आश्रमात जागा दिली. बिस्मिलांची समाधी आजही तेथे आहे. कुष्ठरोग्यांची सेवा, हिंदीचा प्रचार, पूरग्रस्तांना मदत असे त्यांचे काम होते. पुढे ते विनोबांच्या भूदान चळवळीत पायी फिरले आणि जानेवारी १९५८ मध्ये त्याच कामात असताना त्यांचा अंत झाला. गोरखपूरचे वैद्यकीय महाविद्यालय त्यांच्या नावाने चालते. त्यांचा त्याग आचार्यांच्या त्यागापेक्षा कोणत्याही अर्थाने कमी नव्हता.

अशा रीतीने फैजाबादच्या आखाड्यात दोन निःस्वार्थ माणसे एकमेकांसमोर आली. एक होता टिळकांच्या राजकारणाकडे ओढला जाऊन देशकार्यात पडलेला अवधचा विद्वान, आणि दुसरा होता अवधच्या पलीकडील मठात रमलेला पुण्याचा संन्यासी. दोघेही गांधीयुगाची लेकरे होते. ही लढत धोरणांवर झाली असती, तर स्वतंत्र भारताच्या प्रारंभी एक सुंदर आदर्श निर्माण झाला असता. जमीनदारी कशी नष्ट करावयाची, भरपाई द्यावयाची की नाही, कुळाला जमीन कोणत्या अटीवर मिळावी, हे प्रश्न त्या वेळी प्रांतापुढे उभे होते आणि दोन्ही पक्षांची त्यांवरील मते भिन्न होती.

परंतु फैजाबाद आणि अयोध्या ही जुळी शहरे. अयोध्या ही रामाची नगरी, मठमंदिरांची आणि महंतांची नगरी. तेथे भगव्या वस्त्रातील उमेदवार देण्यात जे गणित होते, ते प्रचारात उघड झाले. नरेंद्र देव ईश्वर मानीत नाहीत, मार्क्सला मानतात. जो रामाला मानीत नाही त्याला रामाच्या नगरीने मत कसे द्यावे, असा सवाल सभांतून विचारला जाऊ लागला. मुख्यमंत्री पंत स्वतः प्रचारासाठी आले. आचार्यांच्या नास्तिकतेचा उल्लेख त्यांच्या भाषणांतही झाला आणि बाबांच्या बाजूने तुळशीची पाने वाटली गेली, असे या निवडणुकीचा अभ्यास करणाऱ्यांनी नोंदविले आहे. राम आणि रावण यांच्या उपमा भिंतींवर दिसू लागल्या. ज्याने आयुष्याची कित्येक वर्षे बुद्धाच्या करुणेचा अर्थ लावण्यात घालविली, त्याला धर्मशून्य ठरविण्यात आले; आणि किल्ल्यात त्याच्या शेजारी ज्यांनी तीन वर्षे काढली, त्यांच्याच पक्षाने ते ठरविले. आचार्यांच्या श्रद्धेचा वा अश्रद्धेचा जमीनदारीच्या प्रश्नाशी काडीचाही संबंध नव्हता. पण सभेत एकदा देवाचे नाव उच्चारले गेले की, कुळकायद्याची कलमे ऐकण्यास कोण थांबणार?

मतदारसंघाच्या स्वरूपाचाही येथे विचार करावयास हवा. प्रौढ मताधिकार तेव्हा आलेला नव्हता. मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटींवर मत मिळे. ज्या कुळांसाठी आणि शेतमजुरांसाठी समाजवादी पक्ष बोलत होता, त्यांतील बहुसंख्यांची नावे मतदारयादीत नव्हतीच. प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाचे नाव असलेल्या याद्या तयार करण्याची सिद्धता देशात त्याच वर्षी सुरू होत होती, पण त्यांवर पहिले मतदान व्हावयास आणखी तीन वर्षे लागणार होती. त्यामुळे आचार्यांनी जो प्रश्न मतदारांपुढे ठेवला, त्याचे उत्तर देण्याचा अधिकार मोजक्या लोकांच्या हाती होता. १९४८ च्या जून महिन्यात मतदान झाले. बाबा राघवदास १,३१२ मतांनी निवडून आले. इतर मतदारसंघांतही समाजवाद्यांची पीछेहाट झाली.

पराभवाची किंमत केवळ एका पक्षाने मोजली नाही. जमीनदारी निर्मूलन समितीचा अहवाल १९४८ मध्येच सादर झाला, विधेयक १९४९ मध्ये सभागृहात आले आणि १ जुलै १९५२ रोजी कायदा अमलात आला. प्रांताच्या शेतीचा कायापालट करणाऱ्या या कायद्यावर जेव्हा कलमवार चर्चा झाली, तेव्हा ज्याने किसान सभेच्या व्यासपीठावरून वर्षानुवर्षे ही मागणी मांडली, तो नरेंद्र देव सभागृहात नव्हता. आचार्यांना ज्या विधायक विरोधी पक्षाची आवश्यकता वाटत होती, त्याची जागा त्या सभागृहात मोठ्या प्रमाणात रिकामी राहिली. राजीनामा न देता ते विरोधी बाकांवर बसले असते, तर कायदा अधिक चांगला झाला नसता काय, असा प्रश्न म्हणूनच विचारता येतो. समाजवाद्यांच्या टीकाकारांनी तो विचारलाही. तत्त्वासाठी जागा सोडणारा माणूस आपल्या मतदारांचा आवाजही सोडून देत असतो, हा आक्षेप हलका नाही.

दुसरी किंमत अधिक खोल होती. देवाधर्माच्या नावाने मत मागितले की ते मिळते, हा धडा त्या उन्हाळ्यात अयोध्येने पाहिला. पुढे दीडच वर्षाने, २२ आणि २३ डिसेंबर १९४९ मधील रात्री, तेथील बाबरी मशिदीत रामाच्या मूर्ती ठेवल्या गेल्या आणि एका दीर्घ वादाचा आरंभ झाला. त्या घटनेची कारणे अनेक आहेत, आणि ती एका पोटनिवडणुकीच्या माथी मारणे इतिहासाला धरून होणार नाही. परंतु ज्या पक्षाने स्वतःच प्रचारात रामाचा आधार घेतला होता, त्याला नंतर त्याच गावात तटस्थतेची भाषा बोलणे अवघड गेले असल्यास आश्चर्य नाही.

राजीनाम्याचा पायंडा मात्र पडला नाही. त्याच विधानसभेत एकोणीस वर्षांनी जे घडले, ते या दृष्टीने उद्बोधक आहे. १९६७ च्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर उत्तर प्रदेशात चंद्रभानू गुप्त यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले. १ एप्रिल १९६७ रोजी चौधरी चरणसिंग आपल्या गटासह काँग्रेस सोडून पलीकडच्या बाकांवर गेले, मंत्रिमंडळ कोसळले आणि चरणसिंग मुख्यमंत्री झाले. आचार्यांना जे उचित वाटले नव्हते, ते आता राजकारणाची रीत बनू लागले. हरियाणात एका आमदाराने त्याच वर्षी पंधरा दिवसांत तीनदा पक्ष बदलला आणि त्यावरून ‘आयाराम गयाराम’ हा शब्दप्रयोग सबंध देशाला मिळाला. या प्रकाराचा विचार करण्यासाठी तत्कालीन गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. जयप्रकाश नारायण आणि मधु लिमये हे समाजवादी चळवळीत वाढलेले दोघेही तिचे सभासद होते. १९६९ मध्ये सादर झालेल्या तिच्या अहवालातील एक आकडा फार बोलका आहे: पक्षांतर केलेल्या २१० आमदारांपैकी ११६ जण मंत्री झाले होते.

पुढे १९८५ मध्ये घटनेला ५२ वी दुरुस्ती होऊन दहावे परिशिष्ट जोडले गेले. पक्ष सोडणाऱ्या सभासदाची जागा जाईल, असे त्यात ठरले. परंतु एक तृतीयांश सभासद मिळून फुटले तर त्यांना संरक्षण होते. ते संरक्षण २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने काढले गेले. दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची वाट मात्र मोकळी राहिली. आचार्यांनी १९४८ मध्ये सदसद्विवेकाने जे केले, ते करावयास लावण्यासाठी देशाला जवळजवळ चार दशकांनी घटनेत बदल करावा लागला.

राजीनामा देऊन पुन्हा कौल मागणारे थोडे निघाले. हेमवतीनंदन बहुगुणा १९८० साली गढवालमधून काँग्रेसच्या वतीने लोकसभेवर निवडून आले. काही महिन्यांतच त्यांनी पक्ष सोडला आणि खासदारकीही सोडली. १९८१ मध्ये झालेले मतदान गैरप्रकारांमुळे निवडणूक आयोगाला रद्द करावे लागले; १९८२ मध्ये ते पुन्हा झाले आणि बहुगुणा विजयी झाले. मतदार अशा वर्तनाची कदर करीतच नाहीत असे म्हणता येत नाही, हे गढवालने दाखविले.

अलीकडच्या काळात राजीनाम्याला आणखी एक रूप आले आहे. कर्नाटकात २०१९ मध्ये सत्तारूढ आघाडीच्या सतरा आमदारांनी बाजू बदलण्याच्या ओघात आपल्या जागा गमावल्या. डिसेंबरात त्यांपैकी पंधरा ठिकाणी पोटनिवडणुका झाल्या. मध्य प्रदेशात मार्च २०२० मध्ये बावीस आमदारांनी राजीनामे दिले, सरकार पडले, आणि नोव्हेंबरात अठ्ठावीस जागांसाठी पोटनिवडणुका झाल्या. पूर्वीच्या पक्षाच्या नावावर निवडून आलेले बरेच जण आता नव्या सत्ताधारी पक्षाचे उमेदवार होते आणि त्यांतील काही मंत्रीही झाले होते. बाह्यतः पाहिले तर कृती तीच आहे: जागा सोडणे आणि पुन्हा मतदारांकडे जाणे. तिच्या मागील हेतू ओळखण्याचे साधन कायद्यापाशी नाही. जागा सोडल्यावर सभासदाला काय मिळाले आणि काय गमवावे लागले, एवढेच पाहता येते. आणि त्या मापाने मोजले तर फैजाबादच्या राजीनाम्याची बरोबरी करणारी उदाहरणे फार थोडी आहेत.

आचार्य नरेंद्र देव यांनी पराभवाबद्दल तक्रार केली नाही. लखनौनंतर ते काशी हिंदू विश्वविद्यालयाचे कुलगुरू झाले आणि १९५२ पासून राज्यसभेत होते. दम्याने जर्जर झाल्यावर हवापालटासाठी ते दक्षिणेत गेले, आणि १९ फेब्रुवारी १९५६ रोजी इरोड येथे त्यांचे निधन झाले. बौद्ध धर्म आणि दर्शन यांवरील त्यांचा मोठा हिंदी ग्रंथ त्यांच्या मृत्यूच्या सुमारास प्रसिद्ध झाला आणि १९५७ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

फैजाबाद जिल्ह्याला २०१८ पासून अयोध्या हे नाव मिळाले आहे, आणि त्या जुन्या मतदारसंघाच्या सीमाही केव्हाच बदलल्या. १९४८ च्या त्या लढतीत कोणाला किती मते पडली, हे आज थोड्यांनाच आठवत असेल. पण त्या वेळी विचारला गेलेला प्रश्न मावळलेला नाही. जागा मतदारांची आहे, असे ज्याने मानले तो ती हरला. मात्र ती परत मागताना मतदारांनी नाही म्हटले, तेव्हा ते नाही त्याने निमूटपणे स्वीकारले. लोकशाहीत जागा सोडण्याइतकेच हे स्वीकारणेही महत्त्वाचे असते, कारण जागा मतदारांची आहे हे म्हणणे त्यानेच खरे ठरते.